इंग्रजी औषध आणि म्हशीचं दूध

निदान न झालेला आजार आणि सल्ला न मिळालेला माणूस, या दोन्ही गोष्टी माझ्या आतेच्या यजमानांनी मालवणच्या आसपास औषधालासुद्धा शिल्लक ठेवल्या नव्हत्या. मुंबईत कारकुनी करून ते गावी परतले होते. कचेरीसमोर एक दवाखाना होता, एवढाच त्यांचा वैद्यकाशी संबंध. तेवढ्या शिक्षणावर त्यांनी अवघ्या सृष्टीचे गरम आणि थंड असे दोन भाग पाडले होते. बांगडा, काजू, इंग्रजी औषधं आणि आमची आते गरम. दूध, सोलकढी आणि ते स्वतः थंड. वाटसरूनं त्यांच्या ओसरीवर पत्ता विचारला, तरी आधी त्याची नाडी बघितली जाई. मासे विकायला आलेल्या बाईचा चेहरा निरखून ते एकदा म्हणाले, "उष्णता झाली हा तुका. बांगडो बंद कर." टोपली खाली ठेवत ती म्हणाली, "मी खाणा बंद करतंय, भाऊनू. तुमी इकत तरी घेवा!"

साठच्या दशकात त्यांच्या मुलीला छातीचा ताप आला. पंधरा वर्षांची, लग्नानंतर फार उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. श्वास घेताना तिची बरगडी दुखे. तालुक्याच्या तरुण डॉक्टरनं टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा हे औषध आमच्याकडे नवं होतं. "भरपूर पाण्याबरोबर द्या," असं त्यानं बजावलं. डॉक्टरची पाठ वळताच आमच्या धन्वंतरींनी म्हशीच्या दुधाचा पेला मागवला.

"डॉक्टरान पाणी सांगल्यान ना?" आते म्हणाली.

"तेचा वय काय, माजा वय काय? जळजळीत औषध ता. चेडवाचा पोट जाळतला. आणि तेच्याकडे म्हैस तरी खंय आसा?"

म्हैस असल्याखेरीज वैद्यक कळत नाही, हा सिद्धांत त्या दिवशी मांडला गेला आणि प्रत्येक कॅप्सूलमागे साय तरंगणारा पेला मुलीच्या पोटात गेला. पोट अगदी थंड राहिलं. ताप मात्र उतरेना. मुलगी डोळे उघडायचाही कंटाळा करू लागली, तसा डॉक्टर चक्रावून पुन्हा आला. उशाशी पेला दिसला.

"हे कशाला?"

"औषधाबरोबर. उष्णता मारूक."

"उष्णता नाही, तुम्ही औषधच मारलंत. दुधात ते अडकून बसतं, अंगाला लागतच नाही. आता फक्त पाणी. गोळी घेतल्यावर लगेच आडवं करू नका, घशात राहिली तर घसा भाजेल. बरी झाली तरी मध्येच थांबवायची नाही आणि औषध चालू असेपर्यंत उन्हात सोडायचं नाही."

जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेला तो माणूस मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्यांनी हळूच विचारलं, "चेडू वाचतला मां?"

"आता वाचेल."

त्यानंतर घरातलं दूध त्यांनी शेजारी पाठवलं. पाण्याचा तांब्या स्वतः भरायचे, मुलीला पाठीशी उशी देऊन बसवायचे आणि तिनं गिळलेल्या घोटाबरोबर स्वतःही आवंढा गिळायचे. ताप उतरला. मुलगी माडाच्या सावलीत बसू लागली. शेजारीण तिच्या दोन वर्षांच्या पोरासाठी उरलेल्या कॅप्सूल मागायला आली, तर हे म्हणाले, "उराक नाय काय एक. आणि लहान पोरांक ता देवचा नसता, डॉक्टरान सांगल्यान, येणारे दात पिवळे पडतत. डॉक्टराक इचार." ओसरीवरून त्यांच्या तोंडून 'डॉक्टराक इचार' हे शब्द गावानं प्रथमच ऐकले.

नंतर ते तेवढंच म्हणू लागले. बांगडा पुन्हा निर्धास्तपणे शिजू लागला, वाटसरूंना पहिल्या प्रश्नात पत्ता मिळू लागला. गावाची प्रकृती सुधारली असेल, माझी तक्रार नाही. पण सर्दीचा मोठा आवाज काढत मी मुद्दाम त्यांच्यासमोर बसलो, तर त्यांनी नुसतं बघितलं, माझ्या मनगटाकडे गेलेला हात अर्ध्यावरून मागे घेतला, आणि विचारलं, "जेवलंस मां रे?"