कांबळे सिस्टरांनी पदरी घेतलेला दोष

कांबळे सिस्टरांनी नाकाशी धरलेल्या बरणीचा वास मला त्या सकाळी आला नव्हता. तरी मी ‘चटणी’ असे उत्तर दिले. उत्तर बरोबर होते आणि मी खोटे बोललो होतो. ही गोष्ट मी कितीतरी वर्षे पत्नीलाही सांगितली नाही. सिस्टरांविषयी लिहायला बसलो की हेच आधी पुढे येते. ते बाजूला सारून त्यांच्या गुणांचे वर्णन करणे म्हणजे पुन्हा एकदा गप्प बसणे होईल, म्हणून ते सुरुवातीलाच लिहून टाकले.

कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात मी भूलतज्ज्ञ आहे. शैलजा कांबळे तिथे अतिदक्षता विभागाच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. कोरोनाच्या पहिल्या पावसाळ्यात शहरातल्या खाटा भरत चालल्या, तेव्हा आमचा पूर्ण मजला त्या रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आला. त्या दिवसांत सिस्टर रोज सकाळी कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी दोन बरण्या घेऊन उभ्या राहत. एकीत कॉफीची पूड, दुसरीत त्यांच्या घरची कांदा-लसूण चटणी. आत जाणाऱ्या प्रत्येकाने डोळे मिटायचे, मास्क क्षणभर खाली ओढायचा, हुंगायचे आणि काय ते सांगायचे. जो चुकेल त्याची रवानगी थेट तपासणीला. यातून डॉक्टरांची सुटका नव्हती. एकदा मी म्हणालो, ताप बघता तेवढे पुरे नाही का? त्यावर त्या म्हणाल्या, ‘तापाला गोळी घालून गप्प करता येतंय, सर. नाकाला कोण गप्प करणार?’

त्या मूळच्या शाहूवाडीकडच्या. डोंगरातल्या भातशेतीच्या गावातून मिरजेला नर्सिंग शिकायला गेलेल्या त्यांच्या घरातल्या त्या पहिल्याच. त्यांच्या आवाजाने बेशुद्ध रुग्णही कूस बदलतो, अशी आमच्यात थट्टा चाले. कोल्हापूरकडच्या अनेक बायकांप्रमाणे त्या स्वतःविषयी ‘मी येतो, मी सांगतो’ असेच बोलत. बाहेरगावच्या नव्या डॉक्टरांना ते ऐकून हसू येई. पण त्यांच्याकडून एकदा बोलणी खाल्ली की ते हसू पुन्हा दिसत नसे. नातेवाइकांनी जिन्यात गर्दी केली की त्या काचेआडून बजावत, ‘पावणं, मास्क हनुवटीला न्हाई, नाकाला लावायचा असतोय. हनुवटीला कोरोना हुत न्हाई.’ माणसे ओशाळून मास्क वर घेत आणि जाताना त्यांनाच नमस्कार करून जात.

त्यांचे सगळेच बरोबर असे, असे नव्हे. सुरुवातीला त्यांनी आमच्या डब्यांवर, चपलांवर, वर्तमानपत्रांवरही औषध फवारले. आले-मिऱ्याचा काढा इतका तिखट करून पाजला की एका निवासी डॉक्टराचे पोट बिघडले. त्याचा काही उपयोग नाही हे उमगल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकले, ‘काढ्याचं चुकलं माझं. ज्यांची तोंडं भाजली आसतील त्यांनी सोडून द्यावं.’ पायात चपला सरकवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्या आपली चूक कबूल करून मोकळ्या होत. मला किती वेळ लागला ते पुढे येईलच.

त्यांचा सर्वांत कडक नियम चहाच्या खोलीचा होता. वॉर्डात माणूस पीपीई किट घालून जपून वावरतो. चहाच्या खोलीत तो किट उतरवतो आणि त्याबरोबर सावधपणाही. रोग तिथेच गाठील, असे त्यांना वाटे. म्हणून एका वेळी दोघांनीच आत जायचे, पाठीला पाठ करून बसायचे आणि मास्क तोंडावर चढेपर्यंत अक्षर काढायचे नाही. ‘तोंडाला एका वेळी एकच काम,’ त्या म्हणत. ‘खायचं, न्हाईतर बोलायचं.’ कोल्हापुरात न बोलता जेवणे ही शिक्षाच. तरी आम्ही ती कित्येक आठवडे पाळली, आणि शेजारच्या विभागांत माणसे आजारी पडत असताना आमचा मजला शाबूत राहिला.

तो नियम सिस्टरांनी एकदाच मोडला.

आमच्या विभागात दत्तूमामा नावाचे कर्मचारी होते. गगनबावड्याच्या रस्त्यावर त्यांचे गाव. बुटके, हसऱ्या डोळ्यांचे, मधुमेहाची गोळी चुकवणारे आणि त्यावरून सिस्टरांची बोलणी निमूटपणे ऐकून घेणारे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला कुशीवर वळवताना ते त्याच्या कानाशी त्याच्या गावाचे नाव घेत. ओळखीचे नाव ऐकून माणूस परत येतो, अशी त्यांची समजूत. गौरी-गणपतीच्या सुमारास त्यांची म्हैस व्याली आणि चिकाचा खर्वस भरलेला मोठा डबा घेऊन ते कामावर आले. त्याच दिवशी, फार काळ व्हेंटिलेटरवर असलेली एक बाई स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली होती. सिस्टर म्हणाल्या, वाट्यांत भरून ज्याचे त्याला देऊ. मामा ऐकेनात. ‘चीक इकायचा नसतोय, सिस्टर, वाटायचा असतोय. आनि वाटलेलं माणसानं म्होरं बसून खाल्लं पायजे. न्हाईतर म्हशीला सोसत न्हाई.’

मी सिस्टरांना कधी अडखळताना पाहिले नव्हते. त्या क्षणी पाहिले. त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिले. किती दिवसांत आम्ही एकमेकांचे पूर्ण चेहरे पाहिले नव्हते. मग त्या म्हणाल्या, ‘सकाळी समद्यांची नाकं तपासलीत मी. समदी शाबूत हाईत. बसा आजच्या दिवस.’

समदी शाबूत होती, एक सोडून. आदल्या दिवसापासूनच मला वास येत नव्हता. सकाळी सिस्टरांनी बरणी उघडली तेव्हा तिचे झाकण कुरकुरले. चटणीच्या बरणीचेच तेवढे कुरकुरत असे, हे माझ्या कानांना ठाऊक होते. सिस्टरांनी उलटून विचारले नाही. त्या कोणालाच विचारत नसत. ‘आमच्या आप्पांनी घरात कवा शपथ घालू दिली न्हाई,’ असे त्यांनी मला एकदा सांगितले होते. ‘माणूस बोलला म्हंजे झालं, त्याला आनि गाठ कशाला मारायची?’

मी खोटे का बोललो, याचे एक उत्तर माझ्याजवळ कायम तयार असे. आमच्याकडे भूलतज्ज्ञ मी एकटाच. मी घरी बसलो तर गुदमरणाऱ्या माणसाच्या श्वासनळीत नळी कोण घालणार? हे खोटे नव्हते. पण त्याच्या तळाशी दुसरे काही होते. ज्या खाटांवर मी माणसांना झोपवत होतो, त्यांतल्या एका खाटेची मला भीती वाटत होती. जोवर कोणी मला रुग्ण म्हणत नाही तोवर मी रुग्ण नाही, असे एक लहान मुलासारखे समाधान मी मनाशी धरले होते.

तर मी मास्क काढला आणि दत्तूमामांच्या शेजारी बसलो. पहिला घास तोंडात घातला. मऊ, गार, आणि बाकी काहीच नाही. गूळ नाही, वेलदोडा नाही. त्या घासापर्यंत मी स्वतःला सर्दीचे कारण देऊ शकत होतो, त्यानंतर नाही. तेव्हाच उठून जायला हवे होते. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, ‘वेलदोडा झकास लागलाय, मामा.’ ते खूश झाले आणि आणखी जवळ सरकले. मग मी विद्यार्थिदशेतला एक किस्सा सांगितला. सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो.

पुढच्या काही दिवसांत आमच्यातला एकेक जण तापाने पडत गेला. सिस्टर पडल्या, मी पडलो. आम्ही उठलो. दत्तूमामांना आमच्याच विभागात आणले गेले. पण मी विलगीकरणात होतो आणि त्यांच्या घशात नळी घालायला दुसऱ्या रुग्णालयातून कोणाला तरी बोलवावे लागले. त्यांच्या कानाशी त्यांच्या गावाचे नाव कोणी घेतले का, हे मला ठाऊक नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही. ते गेले. घरच्यांना त्यांचे तोंडही नीट पाहता आले नाही.

आम्ही कामावर परतल्यावर व्यवस्थापनाने बैठक घेतली. संसर्ग आला कुठून? कोणी म्हणाले, मामा माणसांनी खच्चून भरलेल्या वडापच्या जीपने येत-जात. त्यांनीच आणला असणार. मेलेल्या माणसावर दोष किती सहज बसतो. तेव्हा सिस्टर उभ्या राहिल्या. आजारपणाने आवाज बसला होता, तरी शब्द स्वच्छ होते. ‘त्या माणसाचं नाव घिऊ नका. त्या दिवशी तपासणी समद्यांची झालती. तरीबी माझाच नियम, आनि मीच मोडला. दोष माझा लिवा.’ मी त्यांच्या समोरच्याच खुर्चीत होतो. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो. बैठक संपली. सिस्टरांचे इन्चार्जपद काढून त्यांना खाली ड्रेसिंगच्या खोलीत पाठवण्यात आले.

रोग माझ्याकडूनच गेला, हे आता कोणी सिद्ध करू शकणार नाही. या वाक्याच्या आडोशाने मी बरीच वर्षे काढली. पण सिस्टरांनी आम्हाला एकत्र बसू दिले ते सर्वांच्या शब्दावर विसंबून, आणि त्यांतला एक शब्द खोटा होता. हे सिद्ध करायला कोणाची गरज नव्हती.

ड्रेसिंगच्या खोलीतही सिस्टर तशाच होत्या. मधुमेहाच्या जखमा घेऊन येणाऱ्यांना त्या तशाच फैलावर घेत. मात्र एक बदल मला दिसे. खाण्याचे काही कोणी समोर केले, तर त्या ते हातात घेत आणि न खाता ठेवून देत. एकदा ओघात त्यांनी सांगितले, बरे वाटल्यावर त्या मामांच्या घरी गेल्या होत्या. मामी घराच्या पुढच्या सोप्यात बसून होत्या. ‘या’ म्हणाल्या नाहीत की पाणी दिले नाही. ‘तुमीच म्होरं बसवून खाऊ घातलासा’ एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या. माझ्या मनात काय आले ते सिस्टरांनी ओळखले असावे. ‘जातीचं न्हवं ते, सर. तिच्या हातचा च्या कैक डाव प्यालोय मी. हे रागाचं हुतं. आनि राग खरा हुता.’ हे ऐकूनही मी ‘हूं’ म्हणालो आणि रुग्णाची वेळ झाल्याचे सांगून वर गेलो.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मी वर मंचावर होतो, हातात त्यांना द्यायची शाल घेऊन. गौरवाची भाषणे झाली. सिस्टर बोलायला उभ्या राहिल्या आणि पुढे बसलेल्या नव्या परिचारिकांना म्हणाल्या, ‘माझं चांगलं लई सांगितलं ह्यांनी. आता वाईट मी सांगतो. मी एकदा नियम मोडला आनि माझ्यापायी एक माणूस गेला. तुमी मोडू नका.’ मी त्यांच्या खांद्यांवर शाल घातली. त्यांच्याकडे न बघताच मागे वळलो. लोकांना तो निरोपाचा गहिवर वाटला.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो आणि दत्तूमामांच्या गावी येता का, असे विचारले. त्यांनी कारण विचारले नाही. गाडी शहराबाहेर पडली, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला, तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले. समोर रस्ता होता म्हणून सांगू शकलो.

त्यांनी विचारले, ‘वास आलाच नव्हता?’

‘नाही.’

‘आनि खर्वसाची चव?’

‘तीही नाही.’

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. निदान मला दिसेल असे नाही. मग म्हणाल्या, ‘घरात कुनी काय गोडधोड केलं की मला त्या माणसाचं तोंड दिसायचं, सर. मला वाटायचं, मीच वाढलं त्याला.’

मी माफी मागायला तोंड उघडले. त्यांनी हातानेच थांबवले. ‘मला एकटीला नगो. हितं गाडीत मागून तुमी मोकळं हुशीला. तिच्या दारात मागा. माझ्या देखत मागा.’

मामी गोठ्यासमोर वैरण टाकत होत्या. सिस्टरांना पाहून त्यांचा चेहरा आवळला गेला. सिस्टर उंबऱ्यापाशी गेल्या नाहीत. अंगणातच, माझ्यापासून थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या. मी ओळख सांगितली. वाटेत ठरवलेले एकही वाक्य आठवेना. आवाज मुळातच बारीक, तो आणखी बारीक झाला. ‘काय म्हन्तासा, कळंना,’ मामी म्हणाल्या. मग मी मोठ्याने बोललो, शेजारच्या घरातली माणसे बाहेर येतील एवढ्या मोठ्याने.

‘मामी, त्या दिवशी आजारी मी होतो. मला ते ठाऊक होतं. मी सिस्टरांना खोटं सांगितलं आणि मास्क काढून तुमच्या माणसाशेजारी बसलो. सिस्टरांनी आम्हाला बसू दिलं ते माझ्या शब्दावर. त्यांनी दोष घेतला तेव्हाही मी गप्प राहिलो. दोष त्यांचा नाही, माझा आहे. मामी, मला माफ करा. सिस्टर, तुम्हीही मला माफ करा.’