विहिरीतली नावं

त्या पडक्या विहिरीचा गाळ आठवला की आजही ऊर भरून येतो. पोलिसातल्या नोकरीत बक्षिसं बरीच मिळाली, पण अभिमान वाटतो तो याच तपासाचा.

सेनगाव भागातल्या एका गावातून यारीवाल्याचा फोन आला. यारी म्हणजे विहिरीचा गाळ उपसायचं यंत्र. "सायेब, कवटी निघाली. गावातले म्हणून राहिले, परत टाकून दे. तुमी लवकर या."

दुसऱ्या दिवशी पंचनामा चालू असताना कवटीची बातमी ऐकून हट्ट्याहून एसटीने एक म्हातारी आली. तिने सांगितलं, तिच्या लहानपणी या गावात बौद्धांची चार घरं होती, त्यातलं एक तिचं. ती तेव्हा आठ वर्षांची, आजोळी गेलेली. त्या घरांनी गावच्या विहिरीवर पाणी भरलं म्हणून तिच्यामागे गावाने सगळ्यांना कापून या पडक्या विहिरीत टाकलं. जन्मभर ती हे सांगत आली आणि गाव तिला वेडी ठरवत आलं.

गावाच्या वतीने उत्तर दिलं तिथल्या सर्वांत वयस्कर माणसाने. "अशी वस्ती इथं नव्हतीच, सायेब. हाडं ढोराची असतील." डॉक्टरांनी हाडं माणसाची ठरवल्यावर तोच म्हणाला, "मग पटकीच्या साथीत मेले असतील कोणी वाटसरू." मी वाद घातला नाही. दोन्ही जबाब जसेच्या तसे नोंदवले. खोट्याला बोलू द्यावं, हा माझा जुना शिरस्ता.

प्रयोगशाळेने सांगितलं होतं, पाण्यात हाडं खराब होतात, दात टिकतात. म्हणून सगळा गाळ सोयाबीनच्या चाळणीने चाळला. शिपाई कुरकुरले, पण आठ दिवसांत आणखी कवट्या आणि ओंजळभर दात मिळाले. दातांत दुधाचेही होते. म्हातारीच्या रक्ताच्या नमुन्यासह ते सगळं सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवलं.

अहवाल यायला पाच महिने लागले. कवट्यांवर कुऱ्हाडीचे घाव. डीएनएनुसार एक बाई म्हातारीची आई, दोन पोरं तिचे सख्खे भाऊ. पटकीला कुऱ्हाड लागत नाही, आणि वाटसरू काही तिचे भाऊ नव्हते.

अहवाल मी चावडीवर सगळ्या गावासमोर वाचला. नियमात बसतं का, कुणाला विचारलं नाही.

म्हातारी म्हणाली, "आता तरी मी खरी का, सायेब?"

"खरी, मावशी. आता सरकारी कागदही तेच म्हणतो."

मला भरून आलं, लपवत नाही.

मग तिचा पुरवणी जबाब घेतला. पहिल्या कागदावर मृतांच्या नावापुढे 'अनोळखी' होतं. आता ती एकेक नाव सांगत होती, मी लिहीत होतो. शेवटी ती अडखळली. "शेजारची तान्ही पोरगी व्हती. तिचं नाव आठवून न्हाई राहिलं."

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या त्या वयस्कर माणसाने मान खाली घालून नाव सांगितलं. जी वस्ती नव्हतीच म्हणत होता, तिथल्या तान्ह्या पोरीचं नाव तो इतकी वर्षं विसरला नव्हता.

विज्ञानाने आधी हाडं बोलती केली, तेव्हा कुठे माणसाला वाचा फुटली. एवढंच मी त्या तपासात शिकलो. त्या पोरीचं नाव मी सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्या माणसाचा जबाब घ्यायला नवा कागद पुढे ओढला.