बेटावरची बडगी

आज डिसेंबरची चौदा तारीख. सकाळपासून भरताची हिरवी वांगी निवडते आहे. संध्याकाळी बारा माणसं जेवायला आहेत. बडगी धुऊन अंगणात पालथी घातली. बडगी म्हणजे भाजलेली वांगी ठेचायचं खोलगट लाकडी भांडं. ते पालथं घालताना दर हिवाळ्यात मला तेच एक प्रकरण आठवतं.

तेव्हा मी तापीकाठच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होते. नदीच्या पात्रात एक बेट आहे, त्यावर जुनं विश्रामगृह. तिथे गावच्या समितीने लहानसं संग्रहालय उभं केलं होतं. जुनी जाती, दागिने, शिलालेखांचे ठसे. हिवाळ्यात आसपासच्या चित्रकारांचं प्रदर्शन. सगळं पाहायचे चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक. गाव त्यांना नाना म्हणे. किल्ली त्यांच्याकडेच असायची.

सोमवारी सकाळी समितीच्या अध्यक्षांचा, म्हणजे आबांचा, फोन आला.

"मॅडम, शंभर वर्षांचं काष्ठशिल्प गेलं. कुलूप शाबूत आहे. आता तुम्हीच समजा."

असोद्याच्या एका घराने दिलेली बडगी होती ती. एकाच खोडातून कोरलेली, काठावर मोर. गुरुवारच्या प्रदर्शनाचं मुख्य आकर्षण. आबांनी स्पष्ट सांगितलं, गुरुवारपर्यंत वस्तू मिळाली नाही तर नानांकडून किल्ली काढून घेणार आणि संग्रहालयाला टाळं.

दुपारी ठाण्यात निनावी फोनही आला. जुन्या वस्तू घेणारा एक माणूस आठवड्यापूर्वी नानांबरोबर चहा पीत होता म्हणे. त्याला तासाभरात शोधला. तो चार दिवसांपासून सुरतेत होता आणि त्याला फक्त जाती हवी होती. तो धागा तिथेच तुटला.

पंचनामा करताना ओसरीच्या फरशीवर मला तेलाचा लांबट डाग दिसला.

"नाना, हे काय सांडलं?"

"दिव्याचं तेल."

संध्याकाळी शेवटच्या होडीने सगळे परततात, मग ओसरीत दिवा कशाला लावतील? नाना माझ्याकडे न पाहता एका चित्राची चौकट पुसत राहिले. आधीच पुसलेली होती ती. मी पुढे विचारलं नाही. माणूस पहिलं खोटं बोलला की त्याला थोडा वेळ द्यावा, दुसरं खोटं आपोआप डळमळतं.

मग बेटाच्या काठावर होडीवाल्याचा जबाब घेतला. निंबाखाली जाळं वाळत घातलेलं एक ओबडधोबड लाकूड होतं. जाळं थोडं सरकवून मी त्यावर बसले.

"भाऊ, हे कोणाचं? बसलं तर चालेल ना?"

"आचारीनं लाकूड शे ताई. बसा बिनधास्त."

"रविवारी बेटावरून एखादी पुरातन वस्तू, काष्ठशिल्प वगैरे, कोणी नेली का?"

"नही वं ताई. बठ्ठा रिकामा हातनी गयात. भांडीबी आजून आठेच शेतस, उद्या नेतीन."

सगळे रिकाम्या हातांनी गेले, भांडीही अजून इथेच आहेत, या जबाबावर त्याचा अंगठा घेतला. उठताना जवळच पऱ्हाटीच्या राखेचा मोठा ढीग दिसला. कपाशीच्या काड्या इतक्या कोणी जाळल्या म्हणजे साठ-सत्तर माणसांचं भरीत झालेलं असणार. आमच्याकडे ते सांगावं लागत नाही.

संध्याकाळी आबांच्या घरी गेले. नानांवर गुन्हा कधी दाखल करता, हेच त्यांचं चाललं होतं. मी विचारलं, "रविवारी बेटावर जेवण कोणाचं होतं?"

"आमचंच. नातवाचं जावळ काढलं. पाचोऱ्याचे व्याही आले होते."

"भरीत कशात ठेचलं?"

आबांनी आत पाहिलं. आतून अक्कांनी, त्यांच्या पत्नीने, उत्तर दिलं. "आचारी बडगी विसरला होता. संग्रहालयाच्या ओसरीत एक उन्हात ठेवलेली दिसली, ती आणली. काम झाल्यावर धुऊन निंबाखाली पालथी घातली."

"अगं, सकाळपासून मी काय ओरडतोय?"

"तुम्ही काष्ठशिल्प म्हणून ओरडत होतात. बडगी म्हणाला असतात तर तेव्हाच सांगितलं असतं."

"तिच्यावरचे मोर नाही दिसले?"

"मोर पाहू का साठ माणसांचं भरीत पाहू? तुम्हीच तीनदा वाढून घेतलं."

अंधार पडायच्या आत, नानांना बरोबर घेऊन, होडी सोडायला लावली. निंबाखालचं जाळं उचललं, लाकूड उलटं केलं. वाळूत तोंड खुपसून बसलेले मोर वर आले. मुद्देमालावर बसून जबाब घेतलेली जिल्ह्यात मी एकटीच असेन.

नानांना बाजूला घेतलं तेव्हा ते बोलले. रविवारी तेल लावून बडगी उन्हात ठेवली, मग आत चित्रं टांगत बसले आणि शेवटच्या होडीच्या घाईत तिला आत घ्यायचं साफ राहून गेलं. "नाना आता विसरतात, असं समिती आधीच म्हणते, मॅडम. चोर म्हणाले असते तर तपासात सुटलो असतो. विसराळू म्हणाले असते तर किल्ली गेलीच असती."

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. लोकांना त्यांच्या घरातल्या शब्दात विचारावं. मी होडीवाल्याला बडगी म्हणून विचारलं असतं तर त्याने मला उठवलं असतं. आणि खोटं सापडलं की ते कशासाठी आहे ते आधी पाहावं. नाना चोरी झाकत नव्हते, वय झाकत होते.

ठाणे दैनंदिनीत लिहिलं: वस्तू बेटावरच सुस्थितीत मिळून आली, तक्रारदाराची तक्रार राहिलेली नाही. तेलाच्या डागाबद्दल आबांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मात्र संग्रहालय बंद करताना नानांबरोबर दुसरं माणूस हवं, एवढं आबांकडून कबूल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या होडीने घरची साधी बडगी घेऊन गेले आणि ओसरीत ठेवली. नानांनी खडू घेतला आणि आपल्या सुरेख अक्षरात तिच्यावर लिहिलं: ही वापरा.