चांदगट्टीची चतुःसीमा

धारवाडचे वसंतअण्णा इनामदार मोजणी खात्यातून निवृत्त झाले आणि २००८ साली त्यांनी नसलेल्या गावाची मोजणी सुरू केली. गाव त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं. शिक्षिका असलेल्या जयलक्ष्मीअक्कांनी १९९४ मध्ये एकच कादंबरी लिहिली आणि तिच्यात कलघटगीजवळ चांदगट्टी वसवली. २००२ मध्ये त्या गेल्या. कादंबरी दुकानांतून त्याआधीच गेली होती. उरली अण्णांकडची एक प्रत, तिलाही कसर लागलेली.

मी त्यांची शेजारीण. कॉलेजात शिकवते आणि इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात कोणता लेख ठेवायचा, कोणता काढायचा हे ठरवणाऱ्या चारपाच जणांत माझी गणती. अण्णांना कॉम्प्युटरवर मराठी लिहायला मीच शिकवलं. डोकेदुखी विकत घेतली म्हणा.

कादंबरीवर चार ओळी लिहा म्हटलं होतं. अण्णांनी नऊ महिने खपून चांदगट्टीवर वेगळा लेख रचला. चतुःसीमा, सर्व्हे नंबर, विहिरींची खोली, कोण कुठल्या गल्लीत राहतो, कलघटगीहून कुठे वळायचं. शेवटी स्वतःचं नाव आणि फोन नंबर! मी ते दोनदा काढलं, त्यांनी दोनदा परत घातलं. मोजणीदार नावाशिवाय कागद सोडत नाही म्हणे. आणि एवढ्या लांबलचक लेखात हे गाव काल्पनिक आहे असं एकदाही लिहिलेलं नव्हतं.

"अण्णा, एवढी एक ओळ घाला. आणि बाकीचं छाटा. ज्ञानकोश आहे हा."

"तुमच्या कोशात हुबळीची दाजीबानपेठ चालते, चांदगट्टी चालत नाही होय गं रोहिणी?"

"दाजीबानपेठेत जाऊन कापड घेता येतं."

"माझ्या अक्काचं गाव खोटं आहे असं मी माझ्या हातानं लिहू? हे पान गेलं की अक्का गेलीच बघ."

माझं डोकं फिरलं. मी लेखावर सूचना लावली: आठ दिवसांत काटछाट झाली नाही तर लेख काढला जाईल. अण्णांनी बोलणं टाकलं. माझा फोन नको म्हणून रिसीव्हर काढून ठेवला, माझ्याकडची खिडकी लावून घेतली. ती एक ओळ मी स्वतः घालू शकत होते. घातली नाही. मला जिंकायचं होतं, दुसरं काही नाही.

सातव्या दिवशी, सोमवारी सकाळी, त्यांच्या दारात आरडाओरडा ऐकू आला. धावत गेले. अळणावरकडचा एक माणूस हातात छापील कागद घेऊन उभा होता. नाव महेश. लेखाखालचं अण्णांचं नाव विचारत विचारत तो घरापर्यंत पोचला होता.

"बसलिंगअज्जा कुठं हाय सांगा! रविवारी उपाशी पोटी औषध देतो म्हणून तुमीच लिवलंय न्हवं?"

बसलिंगअज्जा कादंबरीतला, कावीळ उतरवणारा म्हातारा. आमच्याकडे कावीळ झाली की डॉक्टरच्या आधी असा अज्जा शोधतात. महेशच्या बायकोला, अनिताला, कावीळ झाली होती. कुणीतरी हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या सायबर कॅफेत आमचं पान छापून दिलं. रविवारी तिला पाणीही न देता त्यानं जीपमध्ये घातलं. अण्णांनी लिहिलेलं वळण शोधत दोघं दिवसभर उन्हात फिरली. संध्याकाळी तिची शुद्ध गेली. आता ती हुबळीच्या दवाखान्यात होती.

"किती येळा फोन लावला! सारखा एंगेज लागत हुता."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग ते उंबऱ्यावरच बसले.

"असा अज्जा नाही, बाबा. असं गावच नाही."

"मग लिवलंसा कशाला?"

तो ओरडला नाही. हळूच विचारलं.

आम्ही त्याच्याबरोबर हुबळीला गेलो. तीन दिवस अण्णा वॉर्डाबाहेरच्या बाकावरून हलले नाहीत. डॉक्टर आले की उठून उभे राहायचे, विचारायचं धाडस मात्र व्हायचं नाही. ती गेली तर आम्ही दोघं जन्मभर एकमेकांना तोंड दाखवू शकणार नाही, हे मला कळत होतं. चौथ्या दिवशी पहाटे अनितानं पाणी मागितलं.

त्याच दुपारी अण्णा माझ्या घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसले. आधी बसलिंगअज्जा काढला. मग रस्ता, विहिरी, गल्ल्या, सर्व्हे नंबर. नऊ महिन्यांचं काम अर्ध्या तासात गेलं. कादंबरीचं नाव आणि साल उरलं तेव्हा मलाच राहवलं नाही.

"साकु अण्णा. बास आता."

त्यांनी एकेक अक्षर शोधत वरती लिहिलं: चांदगट्टी हे जयलक्ष्मी इनामदार यांच्या कादंबरीतील काल्पनिक गाव आहे. असे गाव कुठेही नाही.

"दुसरं वाक्य नको, अण्णा. पहिल्यात आलंय ते."

"असू दे. ते महेशसाठी आहे."

लेख जतन केला. खाली नाव घातलं नाही. अक्का गेल्या तेव्हा अण्णा कोरड्या डोळ्यांनी सगळं करत होते, मी पाहिलं होतं. सहा वर्षांनी, त्या दोन ओळींसमोर, ते रडले.