कॅसेटवरची चिकटपट्टी

माळा आवरताना आईची एरोबिक्सची व्हिडिओ कॅसेट हाती लागली. सकाळची कामं उरकली की ती पडदे ओढायची, पदर खोचायची आणि टीव्हीतल्या गोऱ्या बाईबरोबर अर्धा तास उड्या मारायची. आम्ही हसायचो, "आई, खालच्यांचं छत पडेल!"

कॅसेटवर कुणी दुसरं काही रेकॉर्ड करू नये म्हणून आईने तिच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मुद्दाम मोडला होता. तरी त्या खाचेवर चिकटपट्टी लावून क्रिकेटची मॅच भरली गेलीच! संताप येतो. घरातल्या बाईचा स्वतःचा अर्धा तास सगळ्यांना रिकामी जागाच वाटतो. विचारायचीसुद्धा गरज नाही. आई एवढंच म्हणाली होती, "असू दे."

चिकटपट्टी अजून घट्ट आहे. लेबलवरचं आईचं 'व्यायाम' खोडून वर 'फायनल' लिहिलंय.

अक्षर माझं आहे.