सूर्यच नसलेल्या गावातलं माझं जेवण

आमचे हे वारले त्या वर्षी मी मुनी महाराजांसमोर नेम घेतला. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही आणि उगवल्याशिवायही नाही. कुरुंदवाडात राहून हा नेम पाळायला काय लागतंय? आमच्या बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, निम्म्या बायका पाळतात. पण ह्याच नेमानं मला परक्या मुलखात असं कोंडीत पकडलं की देवावरची माझी श्रद्धाच डळमळली.

माझा एकुलता एक मुलगा नॉर्वेच्या पार उत्तरेला नोकरीला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. सून सामी, म्हणजे रेनडियर पाळणाऱ्या लोकांतली. ऐन थंडीत ती बाळंत झाली तेव्हा त्यानं मला बोलावलं. डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी असं सगळं बांधून मी निघाले. खरं सांगू? नातवाला बघायचं होतंच, पण पोरगा अजून माझा राहिलाय का, हे आधी बघायचं होतं.

पोचल्यावर बाळंतिणीच्या खोलीत जाऊन नातवाला बघितलं. सकाळी अंघोळ करून मी सूर्याची वाट बघत बसले. उजाडेचना. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, ह्या दिवसांत इथं सूर्य उगवतच न्हाय."

"मग आधी का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस का? खा की आता. इथं कोण बघायला हाय?"

बघणारा कोण असतो, हे मीच त्याला लहानपणी मांडीवर घेऊन शिकवलं होतं. भुकेनं आई आपोआप नेम सोडेल, असं त्यानं धरलं होतं. मला फार राग आला. मी नुसत्या पाण्यावर राहिले. बाहेर बर्फ आणि गच्च आभाळ. तोंडानं णमोकार मंत्र चालू होता, पण मनात देवाशी भांडण. एवढी वर्षं तुझं केलं, आणि मला असल्या ठिकाणी आणून उपाशी बसवलंस?

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी, म्हणजे लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या सुनेच्या आईनं, रेनडियरच्या मांसाचं भांडं टेबलावर आणलं. मुलगा मिटक्या मारत जेवायला लागला. मी पदर नाकाला लावला. माझ्या रिकाम्या ताटाकडं बघून विहीणबाईंनी त्याला काहीतरी विचारलं. तो खिडकीबाहेरच्या अंधाराकडं बोट करून हसत हसत सांगू लागला. माझी टिंगल चाललीय, हे कळायला भाषा लागत नाही. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी भांड्यावर झाकण घातलं, ते आत नेलं आणि आपलंही ताट बाजूला सारलं. पाव्हणं उपाशी असताना आपल्याकडं घरची बाई जेवत नाही. तिकडंही तसंच असावं.

मुलगा चिडून मला म्हणाला, "तुझ्यापायी म्हातारी उपाशी बसलीया."

पुढच्या दुपारी ढग हटले. विहीणबाई लगबगीनं आल्या, आपला कोट माझ्या अंगावर टाकला आणि हाताला धरून मला दाराबाहेर नेलं. दक्षिणेच्या डोंगरामागं तांबूस उजेड फुटला होता. सूर्य दिसला नाही, तो वर आलाच नाही. त्यांनी उजेडाकडं बोट केलं, मग माझ्या तोंडाकडं. मी हात जोडले आणि मला रडू आवरेना.

आत येऊन त्यांनी तव्यावर भाजलेली जाड रोटी आणि रानातल्या पिवळ्या फळांचा मुरांबा वाढला. मी चटणी काढली. त्यांना जोरात ठसका लागला, तरी त्यांनी पुन्हा मागून घेतली. उजेड होता तोवर आम्ही दोघी जेवत होतो. मुलगा दारातूनच म्हणाला, "खाल्लंस न्हवं शेवटी? मग एवढा तमाशा कशाला केलास?" मी हातातला घास ताटात ठेवला.

परत आल्यावर बस्तीत सगळं सांगितलं. जाणती मंडळी म्हणाली, सूर्याचं बिंब दिसलं नाही म्हणजे रात्रच, नेम मोडला. वाद न घालता मी प्रायश्चित्त घेतलं. पण त्या दुपारी आभाळ कुणी उघडलं, हे माझं मला ठाऊक आहे. ते कुणाला पटवायला मी जाणार नाही.

मुलगा फोनवर म्हणतो, "उन्हाळ्यात ये. तवा सूर्य मावळतच न्हाय, चोवीस तास खा." आणि हसतो.

पूर्वी मी रोज पार्श्वनाथापुढं उभी राहून म्हणायची, माझ्या पोराला घरी आण. आता तसं मागत नाही. तो येणार नाही, आणि आला तरी माझा असणार नाही, हे मी देवाच्या पायाशी ठेवून मोकळी झालेय. आता एवढंच म्हणते, त्या विहीणबाईंना उदंड आयुष्य दे. माझ्या पोराच्या घरात मी उपाशी आहे, हे फक्त त्यांना दिसलं.