प्राचीचा विनंती थांबा

आमच्या सायकल ग्रुपचे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. टायरमध्ये बाभळीचा काटा शिरतो तसे तेच शिरतात, आणि घरी पोहोचल्यावर कळतं! देवरीहून सालेकशाकडे जाणारी जंगलातली डोंगरवाट हा आमचा लाडका ट्रेल. आमचे म्होरके भास्करदादा तिला 'मीडियम' म्हणतात. दादा जाळ तिखट सावजी रश्श्यालाही मीडियमच म्हणतात!

*

पहिल्याच राइडला सागाचं वाळकं पान माझ्या हेल्मेटवर पडलं. मी किंचाळून सायकल सोडून दिली. ती मात्र एकटीच बरीच पुढे गेली.

माझी मैत्रीण शिल्पा म्हणाली, "देख यार, तुझ्यापेक्षा तुझ्या सायकलमध्ये हिंमत आहे!"

*

वाटेत एक दगडांचा उतार लागतो. तो दिसला की माझी बोटं आपोआप ब्रेकवर. मग मी खाली उतरायची आणि सायकल ढकलत पायी निघायची. दर वेळी!

शेवटी दादांनी त्या जागेला एसटीसारखं नावच ठेवलं, 'प्राचीचा विनंती थांबा'. सगळे एकमेकांना सांगायचे, "पुढं जा, प्राचीच्या थांब्यावर भेटू!"

मला काहीही करून ते नाव पुसायचं होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "राहू दे नं, तुह्या नावाचं काहीतरी झालं!"

*

मोहफुलांच्या दिवसांत त्या उताराच्या तोंडाशी एक आजी फुलं वेचत होती. मी आले, खाली पाहिलं आणि ओरडले. आजी टोपली टाकून उभी राहिली.

"काऊन बोंबलून राहिली वो पोरी? वाघ आला का?"

"नाही आजी, उतार आला!"

"थो त रोजच इथं रायते नं बाप्पा!"

*

घरी रडकुंडीला येऊन म्हटलं, "आई, मला ओरडल्याशिवाय उतरताच येणार नाही."

"मंग ओरड! ओरडाले ब्रेक दाबा लागते का?"

दुसऱ्या दिवसापासून गावाबाहेरच्या कॅनॉलच्या उतारावर प्रॅक्टिस सुरू. ब्रेक सोडायचे आणि ओरडायचं. धानाच्या बांध्यांमधले बगळे उडून जायचे. आठवड्याभरात शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, "पोरीले पाहाले पाहुणे आलते का? रोज कॅनॉलवर जाऊन बोंबलते म्हणून इचारलं!"

*

मागच्या रविवारी दादांनी मला मुद्दाम पुढे पाठवलं. "जाय, तुह्या थांब्यावर आमची वाट पाह्य."

थांबा आला. बोटं ब्रेककडे गेली. मी ती उचलली आणि ओरडले! दगड, मुळं, थडथडणारं हँडल. मधेच मागचं चाक सरकलं, पण पाय टेकला नाही. मी ओरडतच होते. खाली ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं तेव्हा कुठे आवाज थांबला.

मागे वळून पाहिलं. कोणीच नाही!

बऱ्याच वेळानं सगळे दिसले. एकामागे एक, सायकली ढकलत, झाडांत डोकावत. त्या उतारावर आजवर पाय न टेकवलेले भास्करदादाही पायी, आणि हातात ही जाड काठी!

"एवढी लंबी चीख! बिबट कुठं गेला वो?"

मी हेल्मेट काढलं.

"बिबट नाही दादा. आज थांब्यावर गाडी थांबली नाही."